ओढा ओलांडताना : जीपगाडीचे बळ आणि पाण्याचे गणित

मृगाच्या सरी कोसळू लागल्या की ग्रामीण महाराष्ट्राचा नकाशाच बदलतो. उन्हाळ्यात ज्या ओढ्याच्या कोरड्या वाळूतून बैलगाडी निर्धास्तपणे जाते, त्याच ओढ्याचे दोन काठ आषाढात एकमेकांना परके होतात. विदर्भातील रपटा, घाटमाथ्यावरील फरशी पूल, कोकणातील वहाळावरचा साकव ही सारी कमी खर्चात आणि कमी उंचीवर बांधलेली ओलांडणीची ठिकाणे होत. वर्षातील दहा महिने ती आपले काम चोख बजावतात. उरलेल्या दोन महिन्यांत त्यांच्यावरून कधी गुडघाभर, तर कधी पुरुषभर पाणी वाहत असते. गडचिरोली जिल्ह्यातील भामरागड हे गाव पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती या तीन नद्यांच्या संगमाजवळ वसलेले आहे. पावसाळ्यात पुराचे पाणी चढून जगाशी संबंध तुटणे म्हणजे काय, हे तेथील रहिवाशांना वेगळे सांगावयास नको.

अशा भागांत शासकीय कामे पावसाळ्यासाठी थांबत नाहीत. लसीकरणाचे पथक, पंचनाम्यासाठी निघालेला तलाठी, शाळा तपासणीस जाणारे शिक्षण विस्तार अधिकारी, बाळंतिणीला आणावयास गेलेली रुग्णवाहिका या सर्वांना कधी ना कधी वाहत्या पाण्यासमोर उभे राहावे लागते. हाताशी चारही चाकांना गती देणारी जीपगाडी असली म्हणजे मनात एक प्रकारचा विश्वास निर्माण होतो. हा विश्वास काही अंशी साधार आहे, आणि काही अंशी प्राणघातक आहे. या दोहोंमधील सीमारेषा कोठे आहे, हे समजावून घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

शक्ती कोठे, मर्यादा कोठे

सर्वसामान्य मोटारीत इंजिनाची शक्ती पुढच्या किंवा मागच्या दोनच चाकांकडे जाते. ती दोन चाके चिखलात फिरू लागली की गाडी जागच्या जागी अडकते. चारचाकी चालना असलेल्या गाडीत पुढचा व मागचा असे दोन्ही आस इंजिनाशी जोडता येतात. त्यामुळे दोन चाकांची पकड सुटली तरी उरलेली दोन चाके गाडी पुढे रेटू शकतात. याखेरीज अशा बहुतेक गाड्यांत मंद गतीचा एक स्वतंत्र गिअर असतो. तो घातला की गाडीचा वेग पुष्कळ कमी होतो, परंतु चाकांचा जोर त्याच प्रमाणात वाढतो. दुसऱ्या महायुद्धात, १९४१ पासून, अमेरिकन सैन्यासाठी तयार झालेली विलीस जीप याच गुणांमुळे जगभर गेली. स्वातंत्र्यानंतर मुंबईत तिची जुळणी सुरू झाली, आणि ‘जीप’ हा शब्द आपल्या खेड्यापाड्यांत ‘सरकारी गाडी’ या अर्थाने रुळला.

मात्र एक गोष्ट येथे नीट ध्यानात घेतली पाहिजे. चारचाकी चालना ही पकडीची अडचण सोडविते. चिखल, वाळू, गोटे आणि चढ यांवर तो उत्तम उपाय आहे. परंतु गाडी पाण्यावर तरंगू लागली, तर चाके जमिनीवर टेकलेलीच नसतात. मग दोन चाके फिरली काय आणि चार फिरली काय, सारखेच. इंजिनाच्या बळाने गाडीचे वजन वाढत नाही. पुरात वाहून गेलेल्या वाहनांच्या बाबतीत बहुधा हाच मुद्दा विसरला गेलेला असतो.

पाण्याचे गणित

आर्किमिडीजचा सिद्धांत आपण सर्वजण शाळेत शिकलो. वस्तू जितके पाणी बाजूला सारते, तितक्या पाण्याच्या वजनाइतकी ती हलकी होते. हा सिद्धांत जीपगाडीला लावून पाहू. माणसे आणि सामान धरून गाडीचे वजन १,८०० किलो आहे, तिचा तळ जमिनीपासून ४५ सेंटिमीटर उंच आहे आणि तळाचे क्षेत्रफळ सुमारे ६ चौरस मीटर आहे असे समजू. पाणी तळाला टेकेपर्यंत फारसा फरक पडत नाही. त्यानंतर मात्र पाणी दर १० सेंटिमीटर चढले की ०.६ घनमीटर पाणी बाजूला सारले जाते, म्हणजेच गाडी ६०० किलोंनी हलकी होते. पाण्याची खोली ६५ सेंटिमीटर झाली की १,२०० किलो वजन पाण्याने उचललेले असते, आणि चाकांवर उरतो तो केवळ ६०० किलोंचा भार. दारांच्या फटींतून पाणी आत शिरू लागले की गाडी पुन्हा जड होते हे खरे, पण त्यास वेळ लागतो. गाडी घसरावयास मात्र काही क्षण पुरतात.

आता प्रवाहाचा विचार करू. वाहत्या पाण्याचा रेटा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे पाण्याचा वेग दुप्पट झाला तर रेटा दुप्पट न होता चौपट होतो. वरील उदाहरणात गाडीची सव्वा चौरस मीटर बाजू पाण्यात आहे असे धरले, तर सेकंदाला एक मीटर वेगाच्या पाण्याचा रेटा सुमारे ६० किलोंचा भरतो. तोच वेग सेकंदाला दोन मीटर झाला की रेटा २५० किलोंच्या घरात जातो. शेवाळलेल्या काँक्रीटवर टायरांची पकड उरलेल्या भाराच्या एक तृतीयांश धरली, तर ती २०० किलोंची होते. अडीचशे किलोंचा रेटा आणि दोनशे किलोंची पकड ! पुढे काय होणार हे सांगण्यास अभियंत्याची गरज नाही. सेकंदाला दोन मीटर म्हणजे ताशी सात किलोमीटर, झपझप चालणाऱ्या माणसाहून किंचित अधिक वेग. काठावरून पाहताना हा वेग मुळीच भयावह वाटत नाही, हीच त्यातील खरी भीती आहे.

हवामान आणि आपत्ती निवारण क्षेत्रांतील जाणकार जे ठोकताळे सांगतात, तेही या हिशेबाशी जुळतात. वेगाने वाहणारे १५ सेंटिमीटर पाणी प्रौढ माणसाला पाडू शकते. ३० सेंटिमीटर पाणी लहान मोटार वाहून नेऊ शकते. ६० सेंटिमीटर वाहते पाणी जीपसारख्या दणकट गाड्यांसह बहुतेक वाहनांना पुरून उरते. २८ सप्टेंबर २०२१ रोजी यवतमाळ जिल्ह्यात उमरखेडजवळ दहागाव येथील नाल्याच्या पुलावरून पाणी वाहत असताना एस. टी. बस वाहून गेली व त्यात जीवितहानी झाली. जुलै २०२२ मध्ये नागपूर जिल्ह्याच्या सावनेर तालुक्यात एक भक्कम, उंच मोटार अशाच नाल्यात प्रवाशांसह वाहून गेली. वाहन मोठे आहे म्हणून पाणी त्याची गय करीत नाही.

वाहन उत्पादक आपल्या गाडीची ‘पाण्यात जाण्याची खोली’ जाहीर करतात. २०२० साली बाजारात आलेल्या महिंद्रा थारसाठी ती ६५० मिलिमीटर, तर २०२१ च्या फोर्स गुरखासाठी ७०० मिलिमीटर सांगितली गेली. हे आकडे खोटे नाहीत. परंतु ते संथ पाण्यात, भक्कम तळावर, हळू चालणाऱ्या गाडीसाठी आहेत. पुराच्या लोंढ्यासाठी ते दिलेले नाहीत.

उतरण्यापूर्वीची पाहणी

पाण्यापाशी पोहोचताच पहिली कृती म्हणजे गाडी थांबवून खाली उतरणे. पहिला प्रश्न स्वतःला विचारावा तो असा : आज, याच वेळी, याच वाटेने पलीकडे जाणे खरोखर अपरिहार्य आहे काय ? डोंगरी ओढ्याचे पाणी जसे झपाट्याने चढते तसेच पुष्कळदा काही तासांत उतरते. त्यामुळे वाट पाहणे हाच सर्वांत स्वस्त आणि सर्वांत खात्रीचा उपाय ठरतो. पाणी चढते आहे की उतरते आहे हे पाहण्यासाठी पाण्याच्या कडेला एक दगड ठेवावा आणि दहा-पंधरा मिनिटे नजर ठेवावी. दगड बुडाला तर पाणी चढत आहे, आणि चढत्या पाण्यात गाडी घालू नये. वरच्या खोऱ्यात काळे ढग दाटले असतील, पाणी एकाएकी गढूळ झाले असेल किंवा काटक्या व पालापाचोळा वाहून येऊ लागला असेल, तर लोंढा मागून येत आहे असे समजावे.

प्रवाहाचा वेग मोजणे मुळीच अवघड नाही. काठावर दहा मीटर, म्हणजे साधारण तेरा-चौदा पावले, अंतर मोजून खुणा कराव्यात. वरच्या अंगाला पाण्यात काटकी टाकावी आणि ती दुसऱ्या खुणेपाशी किती सेकंदांत पोहोचते ते मोजावे. दहा सेकंद लागले तर वेग सेकंदाला एक मीटर, पाच सेकंद लागले तर दोन मीटर. पाणी गुडघ्याच्या वर असेल आणि वेग दोन मीटरच्या आसपास असेल, तर पुढील सर्व विचार तेथेच सोडून द्यावा.

प्रवाह मंद असेल तर एका माणसाने कमरेला दोर बांधून व हातात लांब काठी घेऊन पाण्यात उतरावे आणि चाकांच्या दोन्ही रेषांवरून चालत तळ चाचपावा. दोराचे दुसरे टोक काठावरील दोन माणसांनी हातात धरावे. ते झाडाला किंवा गाडीला पक्के बांधू नये, कारण माणूस वाहू लागल्यास ताणलेला दोर त्याला पाण्याखाली दाबून धरतो. जेथे माणूस पायी सुरक्षित जाऊ शकत नाही तेथे गाडीही नेऊ नये, हा नियम सर्वत्र मान्य आहे. त्याला एक अपवाद आहे. ऑस्ट्रेलियाच्या उत्तर भागात काकाडू परिसरातील काहिल्स क्रॉसिंग हे ओलांडणीचे ठिकाण मगरींसाठी कुप्रसिद्ध असून तेथे पाण्यात पाय घालणे म्हणजे मृत्यूला आमंत्रण देणे होय. आपल्याकडेही सांगलीजवळची कृष्णा आणि महाडजवळची सावित्री येथे मगरी आहेत. अशा ठिकाणी तळ चाचपता येत नसेल, तर गाडीही उतरवू नये, असाच अर्थ घेतला पाहिजे.

पात्राचे वाचन करता येणे हीदेखील एक विद्या आहे. पात्र जेथे रुंद असते तेथे पाणी बहुधा उथळ असते, आणि अरुंद असते तेथे खोल. वळणावर बाहेरच्या अंगाला धार खोल असते, तर आतल्या अंगाला वाळू साचलेली असते. पृष्ठभागावर बारीक खळखळ दिसली तर खाली गोटे आहेत असे समजावे. पाणी काचेसारखे गुळगुळीत व संथ दिसले तर तेथे डोह असण्याचा संभव अधिक. पलीकडच्या काठाचा चढ घसरडा आहे की भक्कम, हेही आधीच पाहावे. अर्ध्यावर जाऊन चढता येत नाही असे कळणे, हा सर्वांत वाईट प्रसंग होय. फरशी किंवा रपटा ओलांडताना तर विशेष दक्षता हवी. वरून अखंड दिसणाऱ्या पाण्याखाली फरशीचा तुकडा किंवा कडेचा भराव वाहून गेलेला असू शकतो. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरील ब्रिटिशकालीन पूल पुरात वाहून गेला आणि दोन एस. टी. बस नदीत गेल्या. रात्रीच्या अंधारात पुढे रस्ता उरलेला नाही हे कळण्यास कोणताच मार्ग नव्हता. म्हणूनच सूर्यास्तानंतर वाहत्या पाण्यात गाडी घालू नये.

गाडीची तयारी

इंजिनाला हवा लागते, आणि ती ज्या तोंडातून आत जाते त्या तोंडाची उंची हीच गाडीची खरी सीमा होय. चालकाने टोपण उघडून हे तोंड कोठे आहे ते एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे. त्यातून पाणी सिलिंडरमध्ये शिरले, तर हवा जशी दाबली जाते तसे पाणी दाबले जात नाही. वर येणारा दट्ट्या पाण्यावर आदळतो, कनेक्टिंग रॉड वाकतो आणि क्षणार्धात इंजिन निकामी होते. छपरापर्यंत नेलेली हवेची उभी नळी बसविल्यास इंजिन वाचते. परंतु नळी गाडीला तरंगण्यापासून वाचवीत नाही, हे विसरता कामा नये.

दुसरी काळजी आसांची. लांबचा पल्ला चालून आलेल्या गाडीचे आस तापलेले असतात. ते एकदम थंड पाण्यात बुडाले की आतील हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत खेचले जाते. यासाठी पाण्याच्या काठी गाडी काही वेळ थांबवून आस निवू द्यावेत. आसांना असलेल्या श्वासनळ्या उंचावर नेऊन बांधलेल्या असाव्यात. रेडिएटरमागील पंखा इंजिनाच्या पट्ट्यावर चालणारा असेल, तर तो पाण्यात फिरताना त्याची पाती पुढे वाकून रेडिएटर फाडू शकतात. जुन्या गाड्यांत पट्टा ढिला करण्याची पद्धत आहे. नाकासमोर ताडपत्रीचा तुकडा बांधल्यास गाडी चालत असेपर्यंत इंजिनाच्या कक्षात पाणी कमी शिरते.

तिसरी काळजी दोराची. गाडी अडकल्यावर पाण्याखाली हात घालून हूक शोधण्यापेक्षा ओढण्याचा पट्टा आधीच गाडीच्या सांगाड्याशी जोडून त्याचे मोकळे टोक टपावर किंवा खिडकीपाशी ठेवावे. वाळूचा तळ असेल तर टायरांतील हवा १८ ते २० पौंडांपर्यंत कमी केल्याने टायर पसरतात व रुतत नाहीत. पक्क्या रस्त्यावर येताच ती पुन्हा भरून घ्यावी. खिडक्या पूर्ण खाली कराव्यात, दारांची कुलुपे उघडी ठेवावीत, आणि ज्यांचे आत काही काम नाही त्या सर्वांना खाली उतरवावे. मुले, वृद्ध आणि रुग्ण यांना घेऊन पाण्याची परीक्षा पाहू नये.

प्रत्यक्ष पाण्यात

चारचाकी चालना आणि मंद गिअर काठावरच घालावेत. मंद गतीतील दुसरा गिअर बहुधा योग्य ठरतो. एकदा पाण्यात उतरल्यावर गिअर बदलू नये, क्लच दाबू नये. क्लच दाबला की त्याच्या तबकड्यांमध्ये पाणी शिरते आणि पकड सुटते. पाण्यात अगदी सावकाश उतरावे, आणि मग माणूस चालतो त्याहून किंचित अधिक, ताशी पाच-सहा किलोमीटर असा एकसारखा वेग ठेवावा. असे केल्याने गाडीच्या नाकापुढे एक लाट तयार होते आणि तिच्या मागे इंजिनापाशी पाण्याची पातळी थोडी खाली राहते. या लाटेबरोबर चालणे, हेच या कामातील कौशल्य होय. वेगाने धडक मारली की पाणी टोपणावरून उसळते व हवेच्या तोंडात जाते. फार हळू गेले तर लाटच मोडते.

नजर पाण्यावर ठेवू नये. वाहते पाणी पाहून गाडीच आडवी सरकते आहे असा भास होतो आणि हात नकळत चक्र फिरवितात. पलीकडच्या काठावरची एक खूण धरून तिच्याकडे पाहत जावे. एका वेळी एकच गाडी पाण्यात असावी, आणि ती बाहेर पडल्यावरच दुसरीने उतरावे. मागील गाडी काठावर असेल तरच ती मदतीला येऊ शकते.

गाडी अडकली तर

चाके जागच्या जागी फिरू लागली तर वेग वाढवू नये, कारण प्रत्येक फेऱ्याबरोबर चाक खड्डा खोल करीत असते. शक्य असल्यास त्याच रेषेवरून सावकाश मागे यावे. इंजिन पाण्यातच बंद पडले तर किल्ली पुन्हा फिरवू नये. सिलिंडरमध्ये पाणी गेले असेल, तर सुरू करण्याचा तो एक प्रयत्नच इंजिनाचा शेवट ठरतो.

यानंतर पहिला विचार माणसांचा करावा. पाणी स्थिर असेल, चढत नसेल आणि उथळ असेल, तर दोराच्या आधाराने एकेकाने बाहेर यावे. पाणी चढत असेल तर आसनावर बसून राहण्यात अर्थ नाही. पट्टा सोडून, खिडकीतून बाहेर पडून टपावर जावे आणि तेथून मदत मागावी. दाराबाहेर पाण्याचा दाब असल्यास दार उघडत नाही, म्हणूनच खिडक्या आधीपासून उघड्या हव्यात. सामान, कागदपत्रे आणि दप्तर यांसाठी कोणीही मागे राहू नये. काठावरील मंडळींनी ११२ या क्रमांकावर किंवा जिल्हा नियंत्रण कक्षाच्या १०७७ या क्रमांकावर तत्काळ कळवावे. पोहता येते एवढ्या भांडवलावर पुराच्या लोंढ्यात उडी घेऊ नये. दोर, हवा भरलेली ट्यूब, लांब बांबू असे काहीही फेकता किंवा पुढे करता येत असेल, तर तेच आधी करावे.

दोर, पट्टा आणि ट्रॅक्टर

माणसे सुखरूप काठावर आली की गाडीचा विचार करावयाचा. रुतलेली आणि पाणी भरलेली गाडी आपल्या मूळ वजनाहून कितीतरी अधिक ओढ मागते. चाकांपुढची माती व गोटे पहार आणि फावड्याने काढणे, चाकाखाली फळ्या किंवा सपाट दगड सारणे, ही साधी कामे अर्धी ओढ कमी करतात. घाईत ती टाळली जातात आणि मग दोर तुटतात.

ओढण्याच्या साधनांचे दोन प्रकार ध्यानात ठेवावेत. नायलॉनचा लवचीक पट्टा ताणला जातो आणि रबराप्रमाणे आवळून गाडी बाहेर खेचतो. पोलादी तारेचा दोर व साखळी ताणली जात नाहीत, म्हणून त्यांना कधीही झटका देऊ नये. हळूहळू, एकसारखी ओढ द्यावी. गाडीला विंच बसविलेला असेल तर त्याची क्षमता गाडीच्या भारासह वजनाच्या निदान दीडपट असावी. ती कमी पडत असेल तर दोर कप्पीतून फिरवून पुन्हा आपल्याच गाडीला जोडावा, म्हणजे ओढ जवळपास दुप्पट होते. झाडाचा आधार घेताना रुंद पट्टा बुंध्याच्या तळाशी गुंडाळावा. नुसता तारेचा दोर बांधल्यास झाडाची साल कापली जाते.

मागील बाजूस ट्रेलर जोडण्यासाठी जो गोळा असतो, त्याला दोर अडकवून गाडी ओढू नये. तो तुटला तर तोफगोळ्यासारखा सुटतो, आणि अशा अपघातांत माणसे मेलेली आहेत. दोर नेहमी सांगाड्याला बसविलेल्या कड्यालाच जोडावा. ताणलेल्या दोराच्या मध्यावर जाड घोंगडी किंवा गोणपाट टाकावे, म्हणजे दोर तुटला तरी त्याचा फटका मंदावतो. बघ्यांना दोराच्या लांबीच्या दीडपट अंतरावर उभे करावे, आणि ताणलेला दोर कोणीही ओलांडू नये.

आपल्या खेड्यांत अडकलेली गाडी काढण्यासाठी प्रथम धावून येतो तो शेजारच्या शेतातील ट्रॅक्टर. त्याविषयी एक इशारा आवश्यक आहे. साखळी ट्रॅक्टरच्या मागच्या आसाला किंवा त्याहून उंच जागी बांधली आणि गाडी हलली नाही, तर ट्रॅक्टरचे नाक वर उचलले जाऊन तो क्षणात मागे उलटतो आणि चालक त्याखाली सापडतो. साखळी नेहमी खालच्या ड्रॉबारलाच जोडावी, खालच्या गिअरमध्ये हलकेच ओढावे आणि पुढची चाके उचलू लागताच क्लच दाबून थांबावे. मदतीस आलेल्या शेतकऱ्याचा जीव धोक्यात घालून शासनाची गाडी वाचविण्यात कोणतेही श्रेय नाही.

पाण्यातून बाहेर आल्यावर

काठावर आलेली गाडी लगेच वेगात नेऊ नये. ओले ब्रेक धरत नाहीत. काही अंतर ब्रेकवर हलका पाय ठेवून सावकाश चालवावे, म्हणजे घर्षणाच्या उष्णतेने ते सुकतात. मुक्कामी पोहोचल्यावर इंजिन, गिअर आणि दोन्ही आसांमधील तेल तपासावे. तेलाला दुधाळ चहासारखा रंग आला असेल तर आत पाणी शिरले आहे, आणि तेल बदलल्याखेरीज गाडी चालवू नये. चाकांच्या बेअरिंगमधील ग्रीस, रेडिएटरमध्ये अडकलेला गाळ आणि विजेच्या जोडण्या यांकडेही लक्ष द्यावे. पाण्यात बंद पडलेली गाडी मात्र सुरू करण्याचा प्रयत्न न करता ओढूनच दुरुस्तीस न्यावी.

गावाची जबाबदारी

या विषयात ग्रामपंचायतींचे स्थान फार महत्त्वाचे आहे. परक्या चालकाला पाण्याची खोली कळत नाही, गावाला ती कळते. रपट्याच्या दोन्ही टोकांना सेंटिमीटरच्या ठळक खुणा असलेले खांब रोवणे, फरशीच्या दोन्ही कडांना पांढरे दगड किंवा खांब लावून तिची मर्यादा पाण्यातूनही दिसेल अशी करणे, पाणी वर आले की आडवी साखळी लावून कोतवाल किंवा पोलीस पाटील यांच्याकरवी वाहतूक रोखणे, ही कामे मोठ्या निधीची नाहीत. एक लांब दोर, दोन ट्यूब आणि एक शिट्टी पुलाजवळच्या घरात ठेवता येते. शिक्षकांनी पाऊस जोराचा असेल त्या दिवशी पलीकडच्या वाडीतील मुलांना ओढ्याकडे एकटे सोडू नये. काटकी टाकून वेग मोजण्याचा वर सांगितलेला प्रयोग तर विज्ञानाच्या तासाला, कोरड्या काठावरून, सहज करता येईल. मुलांना तो कायमचा लक्षात राहतो.

चालकाचा शब्द

शेवटी एक अनुभव सांगतो. सेवेत नव्याने रुजू झालो त्या वर्षी, एका डोंगरी तालुक्यात आम्ही काही कर्मचारी दौऱ्यावर होतो. परतताना रपट्यावर गुडघ्याला लागेल इतके पाणी आले होते. आमच्या देखत एक मालमोटार पलीकडे गेली. आमच्यापैकी ज्येष्ठ अधिकाऱ्यांना संध्याकाळच्या बैठकीची घाई होती. ‘चारही चाकांची गाडी आहे, घाला,’ असे ते म्हणाले. निवृत्तीला टेकलेले आमचे चालक खाली उतरले, पाण्याच्या कडेला त्यांनी एक दगड ठेवला आणि शांतपणे म्हणाले, ‘साहेब, दगड दिसतोय तोवर बोलू. पाण्यात गाडी मी नेणार, तर नाही म्हणायचंही मीच.’ पंधरा मिनिटांत दगड बुडाला. अर्ध्या तासात एक आख्खे झाड रपट्यावरून आडवे वाहत गेले. रात्र आम्ही गावातील शाळेत काढली. सकाळी पाणी उतरले तेव्हा पलीकडच्या टोकाचा भराव गाडीच्या लांबीएवढा वाहून गेला होता. ती बैठक आमच्यावाचून पार पडली होती, आणि आज तिचा विषयही कोणास आठवत नाही.

गाडीत मागच्या आसनावर बसणाऱ्यांनी हा प्रसंग लक्षात ठेवावा, अशी विनंती आहे. पाण्यासमोर चालकाने ‘नाही’ म्हटले तर तो आज्ञाभंग समजू नये, त्याची नोंद कामातील दक्षता म्हणून व्हावी. चालकानेही ‘साहेब म्हणाले’ एवढ्या आधारावर गाडी पाण्यात घालू नये. उशिराचा खुलासा एका पानावर लिहिता येतो. पाण्यात गेलेल्या माणसाच्या घरी जाऊन मात्र कोणताही खुलासा करता येत नाही.